घिसाडघाई

एखादी कादंबरी विसविशीत निघाली, एखाद्या चरित्रकाराने सनावळीची मोडतोड केली, किंवा एखाद्या कवीने यमकासाठी व्याकरणाचा गळा दाबला, म्हणजे आमच्याकडील टीकाकार एक शब्द हटकून काढतात आणि तो ग्रंथकाराच्या माथी मारतात. तो शब्द म्हणजे 'घिसाडघाई'. शब्द जोरकस आहे, कानाला खणखणीत लागतो, आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घाईने, निष्काळजीपणाने, कसेबसे उरकलेले काम म्हणजे घिसाडघाईचे काम, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्या माणसाचे नाव बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या कानाला या शब्दात ऐकू येते, तो घिसाडी खरोखरच असे काम करतो काय, हा प्रश्न शब्द वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. आमच्या मते हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. जो वर्ग रस्त्यावर बिऱ्हाड मांडतो आणि तेथेच आमच्या स्वयंपाकघरातील सुरी व शेतातील खुरपे घडवितो, त्याच्याविषयी आमच्या वाङ्मयाने काय पाहिले व काय पाहण्याचे टाळले, याचा हिशेब या एका शब्दापासून मांडता येतो. आणि तो मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम घिसाडी म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. गावच्या बारा बलुतेदारांत लोहार असतो. त्याचे घर, त्याची शाळ आणि सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा त्याचा वाटा ही सर्व ठरलेली असत. घिसाडी हाही लोहारच. पण तो या व्यवस्थेच्या बाहेरचा. त्याला वतन नाही, बलुते नाही, गावात घर नाही. गाडीत किंवा गाढवांच्या पाठीवर संसार व ऐरण घालून तो एका गावाहून दुसऱ्या गावास जातो, वेशीबाहेर झाडाखाली उतरतो, जमिनीत लहानसा खड्डा खणून भट्टी पेटवितो, आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते, सुऱ्या घडवून किंवा शेवटून देऊन तिथल्या तिथे रोकड किंवा धान्य घेतो. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाड्यांच्या बरोबरच गाडी लोहार व चितोडी लोहार हीही नावे नोंदलेली आहेत. ही नावे राजस्थानातील गाडिया लोहारांशी असलेला धागा दाखवितात. त्या धाग्याकडे आम्ही पुढे येऊच.

आता त्याच्या घाईविषयी. लोखंड तापले म्हणजे ते काही काळच मऊ राहते, हे सर्वांना माहीत आहे. पण तो काळ किती थोडा असतो, याची कल्पना लेखणी चालविणाऱ्यास सहसा नसते. सुरीचे पाते पातळ असते, आणि पातळ लोखंड भट्टीबाहेर काढताच निवू लागते. नारिंगी रंग जाऊन तांबडा येतो, तांबडा जाऊन काळपट येतो, आणि काळपट पडलेल्या पोलादावर घण घातला तर त्याला चीर जाते. एका तावात जे काही घडवावयाचे ते काही सेकंदांतच घडविले पाहिजे. पुरुष सांडशीत तुकडा धरतो आणि आपल्या हातोड्याने ठोक्याची जागा दाखवितो. समोर उभी असलेली त्याची बायको त्याच जागी घण घालते. तुकडा दर ठोक्यास फिरतो. दोघांपैकी कोणी बोलत नाही, कारण बोलण्यास सवडच नसते. बाहेरून पाहणाऱ्यास ही घाई वाटते. वस्तुतः तो ताल आहे, आणि तो ताल माणसाच्या उतावळेपणाने ठरविलेला नसून निवत जाणाऱ्या धातूने ठरविलेला आहे.

या घाईच्या मागोमाग जे येते त्यात तर घाईचा मागमूसही नसतो. पात्याला आकार आला, कानशीने ते घासले, म्हणजे त्यास 'पाणी द्यावयाचे' असते. साध्या लोखंडाला पाणी चढत नाही, कारण त्यात कर्ब जवळजवळ नसतोच. म्हणून फिरता लोहार जुन्या मोटारींच्या कमानींचे पाटे विकत घेतो. त्या पोलादात शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक कर्ब असतो, आणि तेवढा सुरीस पुरतो. पाते तांबडेलाल तापवून पाण्यात बुडविले की ते काचेसारखे कठीण व काचेसारखेच ठिसूळ होते. अशी सुरी हातातून पडली तर तिचे दोन तुकडे व्हावयाचे. म्हणून तिचा ताठा थोडासा उतरवावा लागतो. रस्त्यावरच्या कामास सोयीची रीत अशी, की पात्याची धारेकडची बाजूच पाण्यात बुडवावी, पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे परत येऊ द्यावी, आणि घासून चकचकीत केलेल्या पृष्ठावर सरकत येणारा रंग पाहत बसावे. प्रथम वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येतो; तेव्हा धातूची उष्णता सुमारे २२० ते २४० अंश शतमान असते. मग तपकिरी येतो, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. सुरीला पिवळा हवा, कुऱ्हाडीसारख्या दणका सोसणाऱ्या हत्याराला त्याच्या पुढचा. रंग हवा तेथे आला की पाते पुन्हा पाण्यात. एक क्षण अगोदर बुडविले तर धार दातेरी होऊन तुटेल, एक क्षण उशिरा बुडविले तर ती भाजी चिरतानाच वळेल. हाताशी उष्णतामापक नाही, घड्याळ नाही. झाडाची सावली आणि डोळा एवढीच साधने. ही घिसाडघाई असेल, तर आमच्या ग्रंथकारांत ती अधिक असती तर बरे झाले असते, असेच म्हणावे लागेल.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की फिरत्या माणसाला आपल्या मालाची जबाबदारी नसते. आज तो येथे, उद्या तो कोठे? हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु फिरणे म्हणजे भरकटणे नव्हे. गाडिया लोहारांचा बारकाईने अभ्यास करून पी. के. मिश्र यांनी लिहिलेला प्रबंध भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यावरून व इतर निरीक्षणांवरून हे स्पष्ट होते, की या लोकांच्या फेऱ्या ठरीव असत, गावे ठरीव असत, आणि एका कुटुंबाची गिऱ्हाइके वर्षानुवर्षे तीच असत. ज्या गावात पुढल्या वर्षी पुन्हा उतरावयाचे आहे, त्या गावात यंदा वाईट खुरपे विकून कोण जाईल? उलट, गावच्या लोहाराला बलुते मिळावयाचे ते मिळेच. घिसाड्याला मात्र दर वर्षी नव्याने पत कमवावी लागे. म्हणजे ज्याला आपण बेजबाबदार समजतो, त्याच्याच कामाची परीक्षा अधिक वेळा होत होती.

मग आमच्या वाङ्मयाने या माणसाकडे कसे पाहिले? या बाबतीत पहिला मान त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांवगाडा' या ग्रंथास दिला पाहिजे. मराठी गद्यात या तोडीचे समाजनिरीक्षण फारसे झालेले नाही, आणि त्यातील 'फिरस्ते' हे प्रकरण आजही वाचनीय आहे. तथापि आत्र्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहून पाहणारी आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरले जातात, त्याच्या कष्टाचे धान्य किती वाटांनी जाते, हा त्यांच्या ग्रंथाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्या दृष्टीने पाहता वेशीबाहेर उतरलेले प्रत्येक पाल हे गाड्यावरील आणखी एक ओझे ठरते. ओझे कोणते आणि चाकाला लागणारी धाव कोणती, हा भेद करण्यास त्या दृष्टीत जागा थोडी आहे. ज्यांनी शेतकऱ्याची बाजू इतक्या समर्थपणे मांडली, त्यांच्याकडे आणखी एका वर्गाची बाजू मांडण्याचे काम लावणे हा अन्याय होईल, हे आम्हास मान्य आहे. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी ती उणीव भरून काढावयास हवी होती, ती काढली नाही.

सरकारी जातिवर्णनांची गोष्ट निराळी. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतावरील चार खंड १९१६ साली निघाले आणि एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यावरील तीन खंड १९२० ते १९२२ च्या दरम्यान. या ग्रंथांची मांडणी ठरलेली: मूळ कोठले, पोटजाती किती, लग्न कसे, देव कोणते, मेलेल्यास पुरतात की जाळतात. धंद्याचा विषय येतो तो बहुधा चार ओळींत. त्यांच्या पाठीशी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा होता. तो १९५२ साली रद्द होईपर्यंत फिरत्या माणसाकडे प्रथम संशयाने पाहावे, ही राज्यकारभाराची रीतच होऊन बसली होती. फिरत्याच्या हातात पुन्हा सुरी असली, म्हणजे तर पाहावयासच नको. ती सुरी त्याने घडविली आहे, विकण्यासाठी मांडली आहे, हे पाहण्याआधीच ती कोणावर उगारली जाईल याचा विचार होई. नोंद करणारा हात आणि पहारा ठेवणारा डोळा एकाच शरीराचे असले, म्हणजे नोंदीत कौशल्य उतरत नाही.

संशयाच्या नेमकी उलट बाजू म्हणजे भाबडे कौतुक. गाडिया लोहारांच्या वाट्यास ते विपुल आले. १५६८ साली अकबराने चितोड घेतला. तेव्हा आपल्या पूर्वजांनी, चितोड पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत गडावर पाऊल ठेवावयाचे नाही, घर बांधून राहावयाचे नाही, खाटेवर निजावयाचे नाही, रात्री दिवा लावावयाचा नाही, विहिरीच्या पाण्यासाठी दोर बाळगावयाचा नाही, अशा शपथा घेतल्या, असे हे लोक परंपरेने सांगतात. १९५५ च्या एप्रिलात पंडित नेहरूंनी समारंभपूर्वक त्यांना चितोडगडावर नेले व शपथ फिटल्याचे जाहीर झाले. कथा तेजस्वी आहे, आणि ती जपणाऱ्यांच्या स्वाभिमानाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु लेखक मंडळींनी ही कथा ज्या रीतीने उचलली, तिच्याविषयी आमची तक्रार आहे. पितळी पत्र्यांनी मढविलेली गाडी, बायकांचे घागरे व हस्तिदंती बांगड्या, उलटी टाकलेली खाट, इतके वर्णन झाले की लेख संपतो. जणू ही माणसे चारशे वर्षे केवळ शपथ पाळून जगली! त्या चारशे वर्षांत त्यांनी रोज सकाळी भट्टी पेटविली, मोटेची कडी व नांगराचे फाळ घडविले, आणि त्या कमाईवर पोरे वाढविली, याचा उल्लेख आला तरी तोंडी लावण्यापुरता येतो. प्रसंग झाला, भाषणे झाली. त्यानंतरही अनेक कुटुंबे गाडीवरच राहिली, कारण ज्या माणसाचे गिऱ्हाईक पन्नास गावांत विखुरलेले आहे, त्याला एका गावात दिलेली जमीन पोटास कशी पुरावी? धंद्याकडे लक्ष न देता केलेले कौतुक शेवटी धोरणातही आंधळेच ठरते.

या ठिकाणी एका परकीय ग्रंथाची आठवण केल्यावाचून राहवत नाही. जॉर्ज बॉरो या इंग्रज ग्रंथकाराचे 'लॅव्हेंग्रो' हे पुस्तक १८५१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील कथानायक लंडनमध्ये पुस्तकविक्यांसाठी लिहून पोट भरू पाहतो. शेवटी पैसे संपतात, तेव्हा तो भाकरी व पाणी यांवर राहून थोड्याच दिवसांत एक कल्पित चरित्र खरडतो, ते वीस पौंडांस विकतो आणि शहर सोडतो. वाटेत त्याला एक कल्हईवाला भेटतो. त्याचे तट्टू, गाडी व हत्यारे विकत घेऊन नायक एका दरीत उतरतो आणि भट्टी मांडून घोड्याचा नाल घडविण्यास शिकतो. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की येथे घाईने झाले ते पुस्तक. नालास मात्र हात बसावा लागला. जिप्सींच्या भाषेत 'लॅव्हेंग्रो' म्हणजे शब्दांचा धनी, आणि त्या ग्रंथातील त्याच्या जिप्सी मित्राचे नाव 'पेटुलेंग्रो' म्हणजे नालांचा धनी. शब्दांच्या धन्याने काही काळ नालांच्या धन्याचा धंदा पत्करून पाहावा, ही कल्पनाच आम्हास अत्यंत मार्मिक वाटते.

बॉरोच्या ग्रंथाचे दोषही मोठे आहेत. भट्टीजवळ बसल्या बसल्या त्याचे मन भाषाशास्त्राकडे व गूढ भयाकडे धावते. आणि मुख्य म्हणजे तो पाहुणा आहे. मनात येईल तेव्हा दरी सोडून जाण्याची मुभा त्याला आहे, ती पेटुलेंग्रोला नाही. तरीही हत्यारांची नावे शिकावी, स्वतःच्या हाताने लोखंड ठोकावे आणि मग लिहावे, एवढा सच्चेपणा त्याने दाखविला. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना जवळची वाटेल. जिप्सी हे मूळचे हिंदुस्थानातून गेलेले लोक, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. त्यांच्या बोलीत सुरीला 'चुरी' म्हणतात. हिंदीतील छुरी व आपली सुरी तीच. लोखंडाला ते 'सास्तर' म्हणतात. तो आपला 'शस्त्र' शब्द. नालाचा शब्द मात्र त्यांनी वाटेत ग्रीकांकडून घेतला. म्हणजे किती शतकांचा व किती मुलखांचा प्रवास झाला, तरी सुरी हा शब्द त्यांनी गाठीला बांधून नेलाच.

मराठीकडे परत येऊ. सन १९६५ च्या 'साधी माणसं' या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात लोहार दांपत्य नायक-नायिका म्हणून आले, आणि ऐरणीच्या देवाला उद्देशून जगदीश खेबुडकरांनी लिहिलेले त्यातील गीत महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. त्या गीताची गोडी आम्ही मान्य करतो. पण तो गावात घर असलेला लोहार आहे, रस्त्यावरचा नव्हे. पुढे १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. या दोन आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाची वेस ओलांडून पालातला माणूस आत आणला. साहित्य अकादमीने दोहोंचा गौरव केला तो यथायोग्यच होता. 'उपरा'त कैकाड्यांचे टोपल्या-कणग्या विणणे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. विणकाम थांबले की चूल थांबते, हे तेथे पानापानांवर जाणवते. हाच तो मार्ग. परंतु या वाङ्मयावर आमच्या टीकाकारांनी जे लिहिले ते पाहा: वेदना, विद्रोह, दाहकता हे शब्द शेकड्यांनी सापडतील, विणकामाविषयी, कसबाविषयी, ते शिकण्याविषयी क्वचितच काही सापडेल. सोसणारा माणूस आम्हास दिसला. जाणता माणूस अजून दिसावयाचा आहे. दया करणे सोपे असते. शिकून घेणे कठीण, कारण त्यासाठी समोरच्याला आपल्याहून अधिक काही येते, हे प्रथम कबूल करावे लागते.

घिसाड्याच्या भट्टीवरचा असा ग्रंथ मराठीत व्हावा, अशी आमची इच्छा आहे, आणि तो लवकर व्हावा असे म्हणण्यास कारणही आहे. कारखान्यातील पत्र्यातून कापलेली सुरी आता कोणत्याही दुकानात स्वस्त मिळते. यंत्रे आली तशी नांगराच्या फाळाची व खुरप्यांची मागणी उतरली. भात्याच्या जागी हाताने फिरवावयाचा पंखा आला, आणि मुलांना शाळेत घालण्यासाठी पुष्कळ कुटुंबे एका जागी राहू लागली. मुलांनी शिकावे, घर मिळावे, यात वाईट काहीच नाही. रस्त्यावरच्या जिण्याचे गोडवे छपराखाली बसून गाणे आम्हास मुळीच पसंत नाही. ज्यांना घर हवे त्यांना ते मिळालेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की पात्यावर सरकणारा पिवळा रंग नेमका कोठे थांबवावयाचा, हे ज्या डोळ्यांना कळते, ते डोळे मिटण्यापूर्वी त्यांचे ज्ञान कोणी टिपून ठेवणार आहे की नाही. ते त्या जमातीतल्याच सुशिक्षित मुलाने वा मुलीने टिपले तर उत्तमच. कारण घणाचा ठोका घालणाऱ्या आईच्या खांद्याला काय वाटते, हे त्यांनाच सांगता येईल.

तोवर टीकाकारांना एक सूचना करावीशी वाटते. 'घिसाडघाई' हा शब्द भाषेतून हद्दपार करा, असे आम्ही म्हणत नाही. भाषा कोणाच्या हुकुमाने चालत नाही. पण शब्द तोलून वापरणे हे तर टीकाकाराचे काम. ज्या पुस्तकात वाक्ये न घासता सोडली आहेत, ज्यातील विचारास पाणी दिलेले नाही आणि जे पहिल्याच वापरात वळते, त्याला आळसाचे पुस्तक म्हणावे, बेपर्वाईचे म्हणावे, उरकाउरकीचे म्हणावे. मराठीत शब्दांचा तोटा नाही. त्या पापाचा वाटा मात्र, पाट्याच्या तुकड्याची सुरी करून आमच्या हाती देणाऱ्या आणि ती नीट उतरली नाही तर पुढल्या वर्षी त्याच गावात तोंड दाखविणे कठीण होणाऱ्या माणसाच्या पदरात घालू नये.